आधी देवाचा दिवा, मग सेल्फ

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या स्वयंपाकघरात एक बस उभी असे. हसू नका. चाकं-टपासकट नव्हे. बसचा तेवढाच भाग, ज्यावर ड्रायव्हरचा हात फिरतो. लाकडाची एक रुंद फळी, तिच्यावर ओळीनं खटके, मागं तारांचा गुंता, आणि ती पिठाच्या डब्याला अशी टेकवलेली, की पोळ्या लाटता लाटता मला हेडलाइट, वायपर, हॉर्न सगळं हाताशी. सासूबाई शेजारणींना सांगत, "दुसऱ्यांच्या सुना रुखवत घेऊन येतात. आमच्या सुनेला सासरीच मोटार मिळाली."

आमच्या ह्यांचं (नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आता ह्या वयात सुरू करून कोणाला दचकवू?) बुऱ्हाणपूरला शनवाऱ्याच्या दरवाजाजवळ लहानसं दुकान होतं. बॅटऱ्या भरणं, डायनॅमो दुरुस्त करणं हे पोटाचं काम. जिवाचं काम म्हणजे बसचे खटके. कंपनीकडून जी बस येई, तिच्या बोर्डावर काळे गोल दाणे असत, चिमटीत धरून बाहेर ओढायचे. सगळे एका आकाराचे, एका मापाचे, सासरच्या माणसांसारखे. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली, ती दिवसा दिसत नसत आणि रात्री तर प्रश्नच नव्हता. बुऱ्हाणपूरच्या ड्रायव्हरचे हात म्हणजे घाम, तेल, आणि टपावर केळीचे घड चढवताना लागलेला चीक. दाणा चिमटीतून सटके. कोणी वायपर लावायला जाई आणि घाटाच्या वळणावर आपल्याच हातानं दिवे घालवून बसे.

"खटका डोळ्यांसाठी नसतो," हे जेवताना सांगत, "हातासाठी असतो. डोळे रस्त्यावर पाहिजेत."

"आणि तुमचे ताटाकडे," मी म्हणे.

मग त्यांनी आपले खटके घडवले. ओढायचा दाणा काढून टाकला, त्याजागी वर-खाली होणारी पितळी दांडी बसवली. प्रत्येक दांडीचं टोक निराळं. ही टोकं कशाची, तर गावातल्या पॉवरलूमवरच्या मोडक्या कांड्यांची. सूत गुंडाळायची ती लाकडी कांडी. तुटली की कारखानदार फेकून देत आणि आमचे हे वेचून आणत. दिव्याच्या दांडीचं टोक गोल, वायपरचं चपटं, आतल्या दिव्यांचं खाचा पाडलेलं. हॉर्नला बटणच नाही, तळव्यानं दाबायची पितळी पाटी.

हे सगळं तपासायचं कोणी? मी. पाटावर बसवून माझ्या डोळ्यांवर पंचा बांधत आणि ओरडत, "समोरून गाडी!" मी डिपर मारायचा. "पाऊस!" वायपर. "बैल आडवा!" मी हॉर्न दाबे आणि खरोखरचा हॉर्न असा बोंबले, की गल्लीतली मांजरं पत्र्यावर. मी मुद्दाम चुकायचीही कधी कधी, त्यांचा चेहरा पडलेला ऐकू येत असे. डोळे बांधलेल्या माणसाला पडलेला चेहरा ऐकू येतो, खरं सांगते.

आता ह्या खटक्यांतला मुख्य खटका राहिला. आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर, कुठल्याही धर्माचा, सीटवर बसला की आधी समोरच्या तसबिरीवरचा लहान लाल दिवा लावणार, हात जोडणार किंवा छातीला लावणार, आणि मगच सेल्फ दाबून इंजिन सुरू करणार. त्या काळी बसला किल्ली-बिल्ली नसे. सेल्फचं बटण उघडं. स्टँडवर उभ्या बसमध्ये कोणीही उनाड चढून ते दाबे आणि गिअरमध्ये राहिलेली बस उडी मारून पेरूच्या हातगाडीत शिरे. ह्यांनी काय केलं, देवाच्या दिव्याचा आणि सेल्फचा करंट एकाच खटक्यावर घेतला. तो खटका टाकला तरच सेल्फ जिवंत. बंद असेल तर बटण कितीही दाबा, गाडी मुकी. उनाडांचं काम संपलं आणि ड्रायव्हर खूश. ह्यांनी त्यांना सांगितलंही तसंच, "देवाच्या दिव्याशिवाय सेल्फला करंट मिळणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानं आमच्या घरात जे केलं, ते कुठल्या भांडणानं केलं नाही.

माझे वडील, आबा, दापोऱ्याचे. बुऱ्हाणपूर-खंडवा रस्त्यावर बस चालवत. घाट, वळणं, खाली उतरताना ब्रेकचा वास, हे त्यांचं राज्य. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम मुठीत. हा अंगठा काही वर्षांपूर्वी गेला होता. गेला म्हणजे जागेवरच होता, पण थंडीत हँडल मारून इंजिन सुरू करताना इंजिननं उलटा हिसडा दिला आणि अंगठ्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, ते सरळ खुंटीसारखं जुळलं. वाकेना. ज्याचा अंगठा वाकत नाही त्याला चिमूट करता येत नाही, आणि चिमूट नाही तर कंपनीचा दाणा ओढता येत नाही. आबा डावा हात आडवा घालून ओढत, स्टिअरिंग कोपरानं धरून. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला आईनं सांगितलं, ह्यांना मी.

ते दांड्यांचे खटके आधी आबांच्याच हातासाठी झाले. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही असा आमच्याकडचा बापांचा नेम, तेव्हा आबा आमच्या ओट्यावर तहानलेले बसत आणि हे फळी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवत. आबा हाताच्या पाठीनं दांडी उडवत. वर, खाली. अंगठा लागतच नसे.

"कशी वाटते, आबा?"

"दांडी जरा लांब करा जावईबापू. मले वाकाव लागून राह्यलं."

अंगठ्याचा शब्द दोघांच्याही तोंडातून कधी आला नाही. हे म्हणत "हाताच्या सोयीसाठी". आबा म्हणत "तुमची कला". थंड इंजिनाचा चोक तेवढा कंपनीचा ओढायचाच राहिला, त्याला ह्यांनी सुताच्या दोरीचा फास बांधला. त्यात मधलं बोट अडकवून आबा तो ओढत. ह्या गुपिताची दोघांना काय गोडी लागली होती! जणू दोघांनी मिळून एक नवीन हात केला होता आणि जगाला फसवत होते.

मग राज्यं नव्यानं जुळली. नागपूर आमची राजधानी होती, ती भोपाळ झाली. नागपूरच्या आतेबहिणी निराळ्या राज्यात गेल्या आणि पत्रात लिहू लागल्या, "तुमच्याकडे पाऊस कसा आहे?", जणू आमचं आकाशही वेगळं झालं होतं. गाड्यांच्या परवान्यांचे कायदे चार तऱ्हेचे होते, ते एक व्हायला निघाले. गावातल्या बसमालकांनीही परवाने जातील ह्या भीतीपोटी एकी केली. सगळ्यांच्या बसगाड्या एका युनियनमध्ये, आणि आज ह्या बसवर हा ड्रायव्हर तर उद्या तो. वरून हुकूम आला: नवीन इन्स्पेक्टर येऊन प्रत्येक गाडी आणि प्रत्येक ड्रायव्हर तपासणार.

आबांच्या बसमध्ये ह्यांचा बोर्ड होता. आणखी दोन बसमध्ये होता. बाकीच्यांत कंपनीचे दाणे. आबांना दुसरी बस दिली तर? आई दापोऱ्याहून निरोप पाठवी, "जावयाले सांग, काहीतरी करा." आबा स्वतः काही म्हणत नसत. फक्त ओट्यावर येऊन बसत आणि फळी मागत. सगळा डाव सोपा होता: इन्स्पेक्टरसमोर आबांनी आपल्याच बसवर बसायचं, दिवा, सेल्फ, चार खटके हाताच्या पाठीनं उडवायचे, आणि उतरायचं. पुढचं पुढं.

तपासणीच्या दिवशी मी स्टँडवर गेले. बायकांचं तिथं काय काम, असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "बोर्ड कोणी तपासला आधी? मीच ना?" आणि डबा घेऊन निघाले, म्हणजे कोणी विचारलं तर डबा पोचवायला आले होते.

बसगाड्या धुऊन ओळीत उभ्या. इन्स्पेक्टर ग्वाल्हेरकडचे, सडपातळ, हातरुमालानं मान पुसणारे, खुर्चीवर बसलेले. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सांगायला सोपं गेलं असतं. पहिली बस आबांची. आबा चढले, खटका टाकला, लाल दिवा लागला, हात जोडले. एवढ्यात बसचे मालक, उत्साही गृहस्थ, हातात फुटका नारळ घेऊन खिडकीतून वाकले.

"तीर्थ शिंपडू द्या आबा, शुभ काम आहे!"

"अहो बोर्डावर नको," आमचे हे खालून ओरडले.

नारळाचं पाणी उडालं. तापलेल्या बल्बवर थंड पाणी. टिक् असा एवढासा आवाज झाला आणि देवाचा दिवा गेला.

काहीच बिघडलं नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. बल्ब फुटला, खटका शाबूत होता. करंट सेल्फपर्यंत व्यवस्थित पोचत होता. आबांनी बटण दाबलं असतं तर इंजिन गुरगुरलं असतं आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण आबांनी हात मागं घेतला.

"हां चलो, स्टार्ट करो," इन्स्पेक्टर म्हणाले.

"दिवा नाई लागला साहेब."

"दिवे का क्या करना है? गाड़ी स्टार्ट करो."

"दिव्याबिगर कशी होईल?" आबांनी खटका खाली केला, वर केला. हाताच्या पाठीनं. पुन्हा खाली, पुन्हा वर. "लागन, लागन. थांबा."

हे खिडकीशी धावले. "आबा, बल्ब गेलाय नुसता. सेल्फ दाबा. चालेल."

"तुमीच त सांगतलं ना, देवाच्या दिव्याबिगर करंट नाई?"

"अहो, खटक्याबद्दल सांगितलं मी! खटका एकच आहे, तारा दोन आहेत. बल्बचा संबंध नाही!"

"मंग इतके दिस मी हात कोनाले जोडले? खटक्याले?"

मागं उभे ड्रायव्हर हसले. मीही हसले असते, एरवी. पण आबांचा हात वर-खाली, वर-खाली होतच होता, आणि इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठले होते. त्यांनी बसमध्ये डोकं घातलं.

"उल्टे हाथ से क्यों कर रहे हो, बाबा?"

"सवय हाय."

"सीधे से करो।"

आबा थांबले. बाहेर कोणीतरी खोकलं. इन्स्पेक्टरांची नजर चोकच्या दाण्याला बांधलेल्या सुताच्या फासाकडे गेली. त्यांनी तो बोटानं ओढून पाहिला. "और ये क्या है?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, गप्प राहा. लग्नाला इतके दिवस झाले होते, डोळ्यांचं बोलणं कळायला पाहिजे होतं. पण त्यांना वाटलं की त्यांच्या खटक्यांवर संशय घेतला जातोय. म्हणजे सगळ्या बोर्डांवर. आणि मनात कुठंतरी, खरं ते मी सांगते, इतकं सुंदर काम कोणाला दाखवताच आलं नव्हतं त्याचीही हौस असणार. ते पुढं झाले आणि त्यांच्या तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. अंगठा वाकत नाही. चिमटीत दाणा येत नाही. म्हणून दांडी, म्हणून अशी लांब, म्हणून फास. कांड्यांची टोकं कशी हाताला ओळखू येतात तेही सांगितलं. चेहऱ्यावर चमक होती. शेवटच्या वाक्याला आबांकडे पाहिलं आणि ती चमक तिथल्या तिथं विझली.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. अंगठा मुठीतून बाहेर, उघडा.

सगळ्या ड्रायव्हरांना तो अंगठा ठाऊक होता. इतकी वर्षं एका स्टँडवर चहा पिणाऱ्यांना ठाऊक नसेल कसा? पण कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं नव्हतं तोवर तो नव्हता. आता एकजण मागून म्हणाला, "म्हंजे आबा, तुमी आमच्या डोळ्यात धूळ फेकत होते होय इतके दिस?" गमतीनंच म्हणाला. आबा हसलेसुद्धा. मला ते हसणं अजून आवडत नाही.

इन्स्पेक्टर म्हणाले, बल्ब आणा, तोवर दुसऱ्या गाड्या बघतो. हे दुकानाकडे धावले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बसमध्ये चढले. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"आबा, दाबून टाकायचं होतं हो बटण. देव काय बल्बात बसलाय?"

"मले काय माहीत कुठं बसलाय. तुझा नवरा म्हने त्याच्यातूनच फुडं जातो."

"करंट जातो, आबा."

"तेच म्हनून राह्यलो."

मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, खळखळून चूळ भरली, खिडकीबाहेर टाकली आणि तांब्या परत दिला. प्यायले नाहीत.

बल्ब आला. ह्यांनी बसवला. दिवा लागला, आबांनी हात जोडले, सेल्फ दाबला. इन्स्पेक्टर शेजारी बसले आणि बस रस्त्याला लागली. परत आल्यावर क्लीनरनं सांगितलं ते असं: साहेब अचानक ओरडत, "लाइट!", "वायपर!", "हॉर्न!", आणि आबा रस्त्यावरची नजर न हलवता एकेक उडवत. एकदाही चूक नाही. येताना साहेबांनी स्वतः दांड्या चाचपून बघितल्या, डोळे मिटून. "बढ़िया है," म्हणाले. आमच्या ह्यांना म्हणाले, "आपने अच्छा बनाया है."

आणि मग, मान पुसत, निकाल दिला. ह्या बोर्डाची हीच बस चालवायची, दुसरी नाही. आणि घाटाचा रस्ता नाही. हँडल मारायची वेळ आली, गाडी रस्त्यात बंद पडून दुसऱ्या गाडीवर चढायची वेळ आली, तर ह्या हाताचा भरवसा मी देऊ शकत नाही. जवळची लाइन द्या.

चुकीचं होतं का? मी कितीतरी रात्री ह्यावर भांडले आहे, एकटीच, दोन्ही बाजूंनी. चुकीचं नव्हतं.

जवळची लाइन म्हणजे बुऱ्हाणपूर-दापोरा. स्वतःच्या घराच्या दारावरून. ज्या माणसानं रोज घाट उतरवला, तो आता केळीचे घड, कोंबड्या आणि गावातल्याच म्हाताऱ्या घेऊन येणार-जाणार, आणि म्हाताऱ्या थांब्यावर नाही तर आपापल्या शेताच्या बांधावर उतरणार, कारण ड्रायव्हर घरचाच. आई म्हणाली, बरंच झालं, दुपारी गरम जेवतील. आबा म्हणाले, "मंग बैलगाडीच काय वाईट व्हती?"

आमच्या ओट्यावर ते यायचे बंद झाले. ह्यांनी आठवडाभर फळीला हात लावला नाही. पीठ घेताना मी डबा हलवला की ती घसरून पडे आणि हॉर्न आपोआप बोंबले. सासूबाई म्हणाल्या, "तो बोर्ड माळ्यावर टाका, नाहीतर माझ्या पोराला माळ्यावर टाका." कोणी हसलं नाही. रात्री हे म्हणाले, "मी खरं तेच बोललो ना?"

"खरं बोललात," मी म्हटलं. "पण त्यांचं खरं होतं ते. तुमचं नव्हतं."

ते माफी मागायला गेले होते एकदा, दापोऱ्याला, आबांच्याच बसनं. आबांनी कंडक्टरला सांगितलं, पाहुण्याला पुढची सीट दे. जावयाचा मान तो. सगळ्या वाटेत पाठमोरे बसून राहिले आणि दापोऱ्याला उतरल्यावर म्हणाले, "जेवून जा," आणि लगेच गाडी फिरवून परत निघाले. हे आईच्या हातचं जेवून पुढच्या फेरीला परतले. बोलणं झालंच नाही.

काही महिन्यांनी मी आईकडे निघाले होते. आबांच्या मागच्याच सीटवर बसले. तापीच्या बाजूनं वारा येत होता, टपावर घड आपटत होते. एक म्हैस रस्त्यात बसलेली. आबांनी तळवा हॉर्नच्या पाटीवर मारला, तो अर्धाच बसला, आवाज दचकल्यासारखा आला. त्यांनी पुन्हा मारला. म्हैस उठली.

वळून न बघता म्हणाले, "तुझ्या नवऱ्याले सांग, हे पाटी दोन बोटं खाली पाहिजेल. हात उचलाव लागते."

वाटलं, काही म्हटलं तर मोडेल.

"सांगशील ना व माय?"

"सांगते, आबा."

घरी परत आल्यावर मी पायही न धुता निरोप दिला. हे स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले, मग थांबले. "दोन बोटं म्हणजे कोणाची? माझी की त्यांची? त्यांचा हात मोठा आहे."

"जाऊन विचारा."

ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर उभी असताना, आबा चहाला गेलेत हे बघून, चढले आणि अंदाजानं पाटी खाली घेतली. संध्याकाळी दापोऱ्याहून केळी घेऊन आलेल्या बाईबरोबर आबांचा निरोप आला: एक बोट जास्तच खाली गेली.

ह्यांनी ती वर घेतली. मग निरोप आला, आता जरा डावीकडे. ती पाटी वर्षभर त्या बोर्डावर इकडून तिकडे फिरत होती, आणि मला वाटतं, पहिल्या खेपेलाच ती हवी तिथं बसली होती.